बोलत्या पोपटाचं उष्टं

हिवरखेडात पोपटांचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं कोणी विचारलं असतं तर गावानं एकमुखानं शेषरावकाकांचं नाव घेतलं असतं. सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची दीड एकराची जांबांची बाग आहे. जांब म्हणजे पेरू. आमच्याकडे पेरू म्हटलं की समोरचा माणूस, हा पुण्याहून आला का, अशा नजरेनं बघतो. दिवाळीनंतर जांब पिकायला लागले की पोपटांचे थवे उतरतात. एक फळ पूर्ण खाऊन मग दुसऱ्याला तोंड लावेल तर तो पोपट कसला! याला चोच मार, त्याला चोच मार, चार खाली पाड आणि ओरडत निघून जा. काका चाळीस वर्षं पहाटेच बागेत जाऊन तेलाचा रिकामा डबा बडवत आले. त्यांचा डबा वाजला की अर्ध्या गावाला उठायची वेळ कळायची.

अशा माणसाच्या घरी पोपट आला, तेव्हा गावभर थट्टा झाली. त्यात काकूंचं नाव मैनाबाई. आधीच घरात मैना, आता पोपटाची भर, असं पारावरचे लोक म्हणत. मला मात्र हसू आलं नाही, राग आला. पोपट कशासाठी आणला ते मला माहीत होतं.

मी साधना. काकांच्याच गल्लीतल्या अंगणवाडीची सेविका. एकवीस वर्षं या गावातल्या लेकरांची वजनं मी केली, डोस मी पाजून घेतले, पाटीवर पहिली रेघ मी ओढून दिली. मला राग लवकर येतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढे जे सांगणार आहे त्यात रागावण्याचा हक्क मला किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

काकांचा मुलगा धर्मेंद्र अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. सून प्रतीक्षा आणि नात गावी राहतात. नातीचं नाव कागदावर वर्षाली, घरात पिंकी. मोठ्या डोळ्यांची, चपळ पोरगी. अडीच वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. आई नाही, आबा नाही, पाणी नाही. काही हवं असलं की हात धरून न्यायची आणि बोटानं दाखवायची. रडायची मात्र खणखणीत, त्यामुळे मुकी आहे असं कोणाच्या मनात आलं नाही.

गावात अशा लेकरावर एक उपाय सांगतात. पोपटानं चोच मारलेलं फळ खाऊ घालायचं. पोपट बोलतो, म्हणून त्याच्या उष्ट्यानं लेकराची जीभ मोकळी होते, असा हिशेब. काकांच्या बागेत अशा फळांचा तर खच पडलेला असायचा. ज्या पोपटांना चाळीस वर्षं शिव्या दिल्या, त्यांनी टाकलेले जांब काका त्या हिवाळ्यात निवडून निवडून घरी आणू लागले. चोचीचा भाग तेवढा कापून पिंकीला भरवायचे. पोरगी आवडीनं खायची. हिवाळा संपला, जांब संपले, पिंकी बोलली नाही.

तेव्हा मैनाकाकूंनी चूक शोधून काढली.

"रानातल्या पोपटाचं उष्टं कोन्या कामाचं?" त्या म्हणाल्या. "त्यालेच बोलता येत नाई, थो आपल्या पोरीले काय बोली देईन? बोलता पोपट पाह्यजे."

हे काकांना पटलं. खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही क्षणभर तर्क बरोबर वाटला. मग मी भानावर आले. मी बुद्धविहारात वाढलेली, आमच्या घरी उतारा, गंडा, उष्टं असलं काही चालत नाही. मी काकांना तोंडावर म्हटलं, "काका, उष्ट्यानं कोनी बोलत नसते. लेकरू आहे, बोलन आपोआप. मायाच भाऊ चार वर्षांचा होऊन बोलला."

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं मी एका भावाच्या आधारावर कसं म्हटलं, हे आजही मला सांगता येत नाही.

चैत्रात वावधन सुटलं आणि बागेच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जुन्या कडुनिंबाची फांदी मोडली. तिच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं होती. दोन मेलेली, एक जिवंत. अंगावर धड पीस नाही, डोकं शरीराला जड, आणि पोट म्हणजे नुसती पातळ कातडी. काकांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं. त्या दिवसापासून या माणसाचं सगळं आयुष्य त्या पिल्लाभोवती फिरायला लागलं.

पोपट पाळणं म्हणजे काय हे त्यांना अजिबात माहीत नव्हतं. पोपट हाकलायचा कसा एवढंच ठाऊक. पहिल्या दिवशी त्यांनी पिल्लाला दूध पाजलं, त्यानं ते ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला विचारून आले. मग चण्याची डाळ भिजवून, वाटून, कोमट करून बोटाच्या टोकावर घ्यायची आणि चोचीच्या कडेनं आत सोडायची. दर दोन तासांनी. गळ्याखालची पिशवी फुगली की थांबायचं, ती रिकामी झाल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. घाई केली तर घास श्वासात जातो आणि पिल्लू हातातच मरतं, असं त्या माणसानं बजावलं होतं. काका पिल्लू छातीजवळ धरून बसायचे तेव्हा त्यांचाच श्वास अडकलेला असायचा. स्वतःच्या पोराच्या वेळी यांनी घरात कधी वाटी उचलली नव्हती, असं मैनाकाकू कौतुकानं की रागानं सांगायच्या ते कळायचं नाही.

आधी टोपल्याखाली, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत ठेवलं. पिसं आली, राघू हे नाव पडलं आणि धर्मेंद्रनं अकोल्याहून पिंजरा आणला. हिरव्या रंगाचा, घुमटाचा, दिसायला देखणा. राघूनं दोन दिवसांत त्या तारांचा रंग कुरतडून काढला आणि तिसऱ्या दिवशी मान टाकून बसला. रंग बाधला म्हणून काकांनी तो पिंजरा बाहेर फेकला आणि लोहाराकडून साध्या तारेचा, हातभर लांब-रुंद पिंजरा करून घेतला. बसायला गुळगुळीत दांडी नको, पाय आखडतात, म्हणून निंबाची खडबडीत काडी. सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली. खायला भिजवलेले चणे, ज्वारीचं कणीस, हिरवी मिरची, शेंगदाणे, जांबाची फोड. आंघोळीला पसरट परातीत पाणी. चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायला येणाऱ्या शेजारणींना काका हाकलून द्यायचे.

आणि एक गोष्ट त्यांनी केली, ती सांगितलीच पाहिजे. पारावरच्या कोणीतरी सांगितलं की पंख कापले नाहीत तर पाखरू उडून जाईल आणि सगळी मेहनत पाण्यात. काकांनी कात्रीनं त्याच्या एका पंखाची लांब पिसं कापली. कापताना रक्त आलं नाही, पण राघू दिवसभर कोपऱ्यात तोंड करून बसला. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

मग शिकवणी सुरू झाली. सकाळी बागेतून आल्यावर आणि दिवेलागणीला काका पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसायचे आणि एकच शब्द म्हणायचे. "पिंकी." थांबायचं. "पिंकी." पुन्हा थांबायचं. पोपटानं पहिला शब्द तिचाच बोलायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. राघू मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायचा. पिंकीही तिथंच बसलेली असायची, आजोबांच्या तोंडाकडे बघत. मी डोस द्यायला, वजनाला बोलवायला जायची तेव्हा हे दृश्य दिसायचं. डोळे भरून पाहावं असं होतं ते. म्हाताऱ्या माणसाचा शिकवण्याचा एवढा धीर मी बालवाडीच्या प्रशिक्षणातही पाहिला नाही. आणि मी पायरीवर उभी राहून मनात म्हणायची, काय हे अडाणीपण!

आता माझं अडाणीपण सांगते.

जूनमध्ये डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत लेकरं तपासायला आलं. पिंकी नुकतीच बसायला येऊ लागली होती. पन्नास लेकरं, दोन डॉक्टर, बाहेर उकाडा. डॉक्टरांनी पिंकीला विचारलं, "नाव काय?" ती त्यांच्याकडे बघून हसली. मी मागून म्हटलं, "बोलत नाही अजून, पण समजते सगळं. हुशार आहे." खरंच तसं वाटायचं. बाकीची लेकरं उठली की ती उठायची, हात जोडले की जोडायची, ताटलीला रांग लागली की रांगेत सगळ्यात पुढे. डॉक्टर पुढच्या लेकराकडे वळले. फॉर्मवर "ऐकू येतं का" असा रकाना होता. तो मी भरला. बरोबरची खूण केली.

दुसऱ्यांदा पथक कार्तिकात आलं, तेव्हा पिंकी आईबरोबर मामाकडे, कौंडण्यपूरच्या यात्रेला गेली होती. गैरहजर लेकरांना नंतर घेऊन जायचं असतं. मी नेलं नाही. उशिरा बोलणाऱ्या लेकरासाठी कशाला ती धावपळ, असं मला वाटलं.

मार्गशीर्षात एका सकाळी राघू बोलला. काका विहिरीवर होते. पिंजऱ्यातून "पिंकीऽ" असा आवाज आला, आणि तो आवाज हुबेहूब काकांचा होता, तोच खर्ज, शेवटी तसाच ओढलेला. प्रतीक्षाला वाटलं मामंजी आत आले, तिनं पदर सावरला. मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओरडतच बाहेर धावली. काका ओल्या अंगानं आले. राघू पुन्हा म्हणाला. काका लहान पोरासारखे रडले. गल्लीत साखर वाटली. मलाही दिली. मी ती तोंडात टाकली आणि म्हटलं, "चला, पोपट त बोलला."

"आता पोट्टी बोलते पाहा, साधनाबाई," काका म्हणाले. "आता कुठी नाई जात."

बागेत जांब पिकलेले होतेच. रोज सकाळी उत्तम जांब निवडून पिंजऱ्यात ठेवायचा, राघूनं चार चोची मारल्या की काढून घ्यायचा आणि पिंकीला भरवायचा. सव्वा महिना हे करायचं ठरलं. असं उष्टं खाऊन लेकराला आजारही होऊ शकतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी कोणाला कळत होतं!

पौषात, संक्रांतीच्या आगेमागे, मी पोलिओच्या डोसाची यादी घेऊन काकांकडे गेले. सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. पिंजरा ओट्याच्या कडेवर, काका बाजूला पाटावर. पिंकी पिंजऱ्याला पाठ करून, अगदी हातभर अंतरावर, चिंचोके वाटीत टाकत बसलेली. वाटीतून काढायचे, परत टाकायचे.

एवढ्यात कौलांवरून मांजर उतरलं आणि सरळ पिंजऱ्यावर झेपावलं.

राघू ओरडला. शिकवलेलं सगळं विसरून रानातल्या पोपटासारखा ओरडला, जीव जाताना ओरडावं तसा. माझ्या हातातली यादी खाली पडली. गोठ्यातल्या वासरानं दाव्याला हिसका दिला. मैनाकाकू चुलीपासून धावत बाहेर आल्या. काकांनी मांजराला दुपट्टा फेकून मारला, ते पळालं.

पिंकी चिंचोके टाकत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं.

मी काकांकडे पाहिलं. ते पिंकीकडे बघत होते. मग ते हळूच उठून तिच्या मागं जाऊन उभे राहिले, सावली पडणार नाही अशा बेतानं, आणि म्हणाले, "पिंकी." ती खेळत राहिली. जरा मोठ्यानं, "पिंकी!" राघूला वाटलं शिकवणी सुरू झाली. तोही म्हणाला, "पिंकीऽ." दोन्ही आवाज एकच, एक माणसाचा आणि एक पाखराचा, आणि पोरगी शांतपणे एक एक चिंचोका उचलत होती.

काका आत गेले आणि बागेतला तो तेलाचा डबा घेऊन आले. मी म्हटलं, "काका, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही. तिच्या मागं उभं राहून त्यांनी काठीनं डबा बडवला, चाळीस वर्षं बडवला तसा. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. समोरच्या घरातून बायका बाहेर आल्या. ते बडवतच राहिले. शेवटी प्रतीक्षानं येऊन त्यांचा हात धरला. तिचा पाय वाटीला लागला, चिंचोके सांडले, तेव्हा पिंकीनं वर पाहिलं. सगळे भोवती उभे बघून तिला गंमत वाटली. ती हसली.

"हिले आयकूच येत नाई," काका म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत.

माझ्या डोळ्यांसमोर तो रकाना आला. एवढी वर्षं लेकरांत काढली मी. पाय आपटला की ती वळायची ते जमिनीच्या हादऱ्यानं, लेकरं उठली की उठायची ते डोळ्यांनी, आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायची ते तिला तेवढंच मिळत होतं म्हणून. हे सगळं माझ्यासमोर होतं. मी तिथंच अंगणात काकांना सांगितलं, फॉर्मचं, कार्तिकातल्या पथकाचं, सगळं. "चूक मायी आहे काका," मी म्हटलं.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "तुमची बी हाय अन् मायी बी हाय. आता अकोल्याची गाडी किती वाजता निंगते, थे सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तेल्हाऱ्यावरून अकोल्याला गेलो. काका, प्रतीक्षा, पिंकी आणि मी. धर्मेंद्र तिथं येऊन थांबला होता. कानाची तपासणी करणाऱ्या डॉक्टर बाई तरुण होत्या, बोलायला साध्या. पिंकीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला तारा लावल्या आणि एका यंत्रावर रेघा बघत बसल्या. काका त्या रेघांकडे असे बघत होते की जणू त्यांनाही वाचता येतात.

दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येतं, बहुतेक जन्मापासून, असं त्या म्हणाल्या. आधी कानाचं मशीन लावू, शिकवणी सुरू करू, किती फरक पडतो ते बघू, मग ऑपरेशनचं ठरवू. मग त्यांनी विचारलं, "बोलत नाही हे लक्षात कधी आलं?"

"दोन साल झाले असतीन," काका म्हणाले.

"मग आणलं का नाही?"

मला वाटलं काका काहीतरी सबब सांगतील. मीच तोंड उघडणार होते. पण ते म्हणाले, "पोपट बोलाची वाट पाहून राह्यलो होतो, मॅडम." आणि त्यांनी सगळं सांगितलं. ढोलीपासून साखरेपर्यंत. डॉक्टर बाई हसल्या नाहीत. नर्स हसायला लागली तशी त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

सगळं सांगून झाल्यावर काकांनी एकच विचारलं. "खरं सांगजा. येक साल आधी आलो असतो, त फरक पडला असता का?"

बाईंनी खाली पाहिलं, मग वर पाहिलं. "पडला असता, काका. लहानपणी जेवढं लवकर ऐकू येतं तेवढं बोलणं सोपं जातं. आता जास्त मेहनत लागेल. पण होईल."

शेवटचे दोन शब्द काकांनी ऐकले की नाही, मला माहीत नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. पिंकी त्यांच्या मांडीवर झोपली होती.   

घरी राघू होता. त्याला कोण सांगणार! तो दिवसभर पिंकीला हाका मारायचा, काकांच्या आवाजात, लाडानं, पुन्हा पुन्हा. प्रतीक्षा पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून आत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पिंजऱ्यावर चादर टाकली, तरी तो आतून हाक मारायचा. तिसऱ्या दिवशी काकांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. राघू दारात आला, पंख पसरले, आणि अंगणात धप्पकन पडला. एका बाजूला कलंडून चालत चालत काकांच्या पायाशी आला आणि पायावर चढून बसला. काका म्हणाले, "याचंबी मीच वाटोळं केलं."

घरात असा पोपट ठेवणंच कायद्यात बसत नाही हे मला अकोल्यात कळलं होतं. दवाखान्यात बसलेल्या एका माणसानं सांगितलं. मी काकांना सांगितल्यावर ते घाबरले नाहीत, उलट त्यांना वाट सापडल्यासारखं झालं. आम्ही राघूला वनखात्याच्या ऑफिसात घेऊन गेलो. तिथल्या माणसानं आधी दम दिला, मग पंख पाहिला, मग काकांचं तोंड पाहून दम देणं थांबवलं. पिसं गळून नवी येतात, तोवर सांभाळू, दुसऱ्या पोपटांत ठेवू, मग बघू, असं म्हणाला. रानात जगेल का, असं काकांनी विचारलं. माणसाच्या हातचं वाढलेलं पाखरू आहे, सांगता येत नाही, असं तो म्हणाला. तो माणूस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. काकांना वाटलं नसावं. त्यांनी राघूच्या खाण्याची सगळी रीत त्याला दोनदा समजावून सांगितली आणि पिंजरा तिथंच ठेवून निघाले.

होळीच्या सुमारास पिंकीला मशीन मिळालं. दोन्ही कानांवर गव्हाळी रंगाची, जांभळाएवढी. पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं तेव्हा ती दचकली, रडली आणि ते ओढून काढलं. आठ दिवस रोज काढायची, रोज लावायचं. आता आठवड्यातून एकदा प्रतीक्षा आणि काका तिला अकोल्याला शिकवणीला नेऊ लागले. ऐकू न येणाऱ्या लेकरांना शिकवणाऱ्या रश्मी मॅडम तिथं होत्या. सुट्टी मिळेल तेव्हा मीही जायची. मला शिकायचंच होतं. यापुढे एकही लेकरू माझ्या हातून सुटणार नाही, असं मी ठरवलं होतं. आता तो रकाना मी लेकराच्या मागं उभं राहून, ताटली वाजवून, मगच भरते.

मॅडम सांगायच्या ते ऐकून काकांना हसू आणि रडू दोन्ही यायचं. लेकराच्या समोर बसा. एकच शब्द घ्या. म्हणा आणि थांबा. पुन्हा म्हणा आणि थांबा. घाई करू नका. उत्तर आलं नाही तरी चेहरा पाडू नका. काका म्हणाले, "हे त मले येते, मॅडम." ते येतंच होतं. फक्त समोर दुसरंच कोणी बसलेलं होतं, इतके दिवस.

महिना झाला, दीड झाला. प्रतीक्षा म्हणायची तेव्हा पिंकी तोंड हलवून बघायची, काका म्हणायचे तेव्हा नुसती बघत राहायची. काकांच्या मनाला ते लागलं. शेवटी एकदा त्यांनी मॅडमना विचारलं, मायाच बोलन्यात काय चुकते? मॅडम जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "काका, मशीननं तिला थोडंच ऐकू येतं. बाकीचं ती ओठांवरून ओळखते. तुमचे ओठ तिला दिसतच नाहीत."

काकांच्या मिशीबद्दल मी आतापर्यंत लिहिलं नाही, कारण गावात त्याबद्दल लिहावं असं कोणाला वाटत नाही, ती सगळ्यांना माहीतच आहे. दाट, पांढरी, वरचा ओठ पूर्ण झाकून खालच्या ओठावर उतरणारी. त्यांच्या वडिलांची तशीच होती. आमच्याकडे मिशी उतरवतात ती आईबाप गेल्यावर. काकांनी ती दोनदाच उतरवली होती.

अकोल्याहून आल्यावर ते घरी गेलेच नाहीत, थेट श्रावणच्या दुकानात जाऊन बसले. श्रावणनं दाढीचा साबण लावला आणि मिशी तेवढी मोकळी सोडली. काकांनी बोटानं मिशी दाखवली. श्रावणचा वस्तरा हातातच राहिला.

"कोन गेलं, काका?"

"कोनी नाई गेलं."

"मंग काहून?"

"नातीले माये ओठ दिसत नाईत. मिशी मधात येते."

श्रावणनं मिशी उतरवली; हे त्यानंच मला नंतर सांगितलं. पारावरून घरी जाताना ज्यानं त्यानं थांबवून विचारलं, कोण गेलं? काकांनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. मैनाकाकूंनी दारात त्यांना पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं. पिंकीनं तर ओळखलंच नाही. हा कोण माणूस म्हणून ती भेदरून आईच्या पाठीमागे लपली. दोन दिवस जवळ आली नाही. ते दोन दिवस काकांनी कसे काढले असतील!

वैशाखातली दुपार होती. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मी प्रतीक्षाला शिकवणीची वही द्यायला गेले होते. काका दाराशी उजेडात बसले होते, समोर पिंकी, मधे पाण्याचा गडू आणि छोटा पेला. काका म्हणत होते, "पाणी." दोन्ही ओठ घट्ट मिटायचे आणि उघडायचे. उघडा पडलेला वरचा ओठ पांढरट, नवखा दिसत होता. "पाणी." थांबायचे. पिंकीनं पुढं सरकून त्या ओठावर बोट ठेवलं. काकांनी बोट तसंच ठेवून पुन्हा म्हटलं.

पिंकीनं आपले ओठ मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग उघडले, आणि आवाज आला.

"पा."

एवढंच. फार स्पष्ट नव्हता, नाकातून आल्यासारखा होता. काकांनी काहीच केलं नाही. त्यांनी पेला भरला आणि तिच्या हातात दिला. ती पाणी प्यायली, तिनं पेला खाली ठेवला, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "पा." त्यांनी पुन्हा भरला. ती पुन्हा प्यायली. एक आवाज काढला की समोरचा माणूस पाणी देतो, हे त्या पोरीला जवळजवळ चार वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं, आणि ते खरं आहे का हे ती पुन्हा पुन्हा करून बघत होती.

पाचव्या की सहाव्या पेल्याला प्रतीक्षा आतून धावत आली. तिचे डोळे वाहत होते, पण आवाज रागाचा काढला होता. "बस करा ना मामाजी! पोट फुटन तिचं."

काकांनी मान वर केली नाही. पेला भरता भरता म्हणाले, "मांगून राह्यली ना पोट्टी. मांगू दे."